टरफल चुलीत घालण्याआधी : काजूच्या तेलापासून रेझिन कसं बनतं



काजूचा हंगाम सुरू झाला की गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. “टरफलं न्यायला टेम्पो येतो, पण एवढं घेऊन ते लोक करतात काय?” कोणी सांगतं भट्टीत जाळतात, कोणी म्हणतं तेल काढतात, कोणी म्हणतं रंगात घालतात. तिन्ही उत्तरं खरी आहेत. पण तेल काढल्यावर पुढे त्याचं काय होतं, हे कळलं तर आपल्या दारात पडलेल्या टरफलाच्या पोत्याकडे बघायची नजर बदलेल असं मला वाटतं. म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते. मी समाजकार्य शिकले, केमिस्ट्री बारावीलाच सुटली. त्यामुळे जे मला समजून घ्यावं लागलं, ते तुम्हाला नक्की समजेल.

आधी आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करू. काजूबी फोडताना जे तेल उडतं त्यानं हात भाजतात, कातडी सोलवटते, बोटं काळी पडतात. म्हणून आपण राख लावतो, खोबरेल लावतो. हे तेल काजूगरात नसतं. टरफल कापून बघा, त्याला बाहेरची एक कडक साल आणि आतली एक साल असते, आणि मधे मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. त्या जाळीत हे तेल भरलेलं असतं. झाडानं ते आपल्या बीच्या रक्षणासाठी ठेवलं आहे, किड्यांनी आणि जनावरांनी बी खाऊ नये म्हणून. बिब्बा, आंबा आणि काजू ही एकाच कुळातली झाडं आहेत. बिब्बा उततो, आंब्याचा चीक तोंडाला लागला की फोड येतो आणि काजूचं तेल हात जाळतं, या तिन्हीमागे एकाच जातीची रसायनं आहेत. जपानमध्ये लाकडी वाट्या, पेट्या यांवर जो चकचकीत काळा-लाल लेप देतात, तोसुद्धा याच कुळातल्या एका झाडाच्या चिकाचा. ओला असताना तो अंगावर पुरळ आणतो आणि सुकला की काचेसारखा कडक होतो.

जे तेल हात जाळतं तेच सुकून कडक होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. घराच्या वाशांना, दारांच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून काजूचं तेल लावायची पद्धत कोकणात जुनी आहे. लाकडी होड्यांना आणि मासेमारीच्या जाळ्यांनाही ते लावत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून काजू गोव्याच्या किनाऱ्यावर आणला, म्हणजे हे झाड मूळचं आपलं नाही. पण आल्यावर त्याचा उपयोग आपल्या लोकांनी पटकन ओळखला.

आता रेझिनबद्दल

रेझिन म्हणजे आपल्या भाषेत राळ. पातळ किंवा मऊ असताना ओतता येतं, लावता येतं, आणि मग उष्णतेनं, हवेनं किंवा दुसरं काही मिसळल्यानं घट्ट होतं. प्लायवूडचे थर चिकटवणारं, फर्निचरच्या लॅमिनेटमागचे तपकिरी कागद बांधणारं, कुकरच्या काळ्या दांड्याचं, ट्रकच्या ब्रेक-लायनरमधलं, हे सगळं रेझिन. आपल्या रत्नागिरीत गोळप-रनपारला फिनोलेक्सचा कारखाना आहे, तिथे पाइपासाठी पीव्हीसीचं रेझिन बनतं. पण ते वेगळ्या जातीचं. त्याची जागा काजूचं तेल घेत नाही. मी सांगते आहे ते फिनॉलच्या रेझिनबद्दल.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असल्या कामाला लाख वापरत. लाख म्हणजे पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर बसणाऱ्या बारक्या किड्याचा स्राव. बांगड्यांत, ग्रामोफोनच्या तबकड्यांत, विजेच्या तारांच्या वेष्टणात लाख असे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरचा चकचकीत लेपही लाखेचा. जगाला लाख मुख्यतः भारत पुरवायचा. १९०७ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या लिओ बेकलँड या रसायनतज्ज्ञानं लाखेला पर्याय शोधताना फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र तापवून एक घट्ट पदार्थ बनवला. तोच बेकेलाइट. जुन्या विजेच्या बटणांचा तपकिरी-काळा कडक प्लास्टिकसारखा पदार्थ आठवतो ना, तो हा. फिनॉल तेव्हा दगडी कोळशाच्या डांबरातून यायचं, आता ते पेट्रोलियममधून येतं. बेंझीन आणि प्रोपिलीन या खनिज तेलातल्या दोन पदार्थांपासून ते बनवतात. कच्च्या तेलाचा भाव चढला की फिनॉलचा चढतो. आपण एवढ्यासाठी परदेशावर अवलंबून असतो.

म्हणजे झाडावरच्या लाखेची जागा खनिजानं घेतली. आता शोध उलट दिशेनं चालू आहे, खनिजाच्या जागी झाडातून काय आणता येईल याचा. तिथे काजूचं टरफल येतं.

फिनॉलची जागा काजू कशी घेतो

हा भाग थोडा जड आहे, पण गौरी-गणपतीतल्या फेराचं चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

फिनॉलचा कण म्हणजे एक छोटं गोल कडं. या कड्याला हात धरायला तीन जागा असतात. फॉर्मल्डिहाइड हा दोन कड्यांमधला दुवा. फेरात जशा बायका एकमेकींचे हात धरतात, तशी ही कडी फॉर्मल्डिहाइडच्या साहाय्यानं एकमेकांना धरतात. प्रत्येकीला तीन हात असल्यामुळे नुसता गोल फेर होत नाही, आडवी-उभी जाळी विणली जाते. ती जाळी एकदा घट्ट झाली की तापवून पुन्हा वितळत नाही. म्हणून कुकरचा दांडा गॅसजवळ असूनही वितळत नाही.

आता टरफलाचं तेल. कच्च्या तेलात सगळ्यात जास्त, साधारण ६० ते ६५ टक्के, ॲनाकार्डिक आम्ल असतं. तेल तापवलं की हे आम्ल फुटतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपानं निघून जातो, सोडा वॉटरच्या बाटलीसारखा फेस येतो, आणि मागे राहतं ते कार्डनॉल. हे कार्डनॉल म्हणजे फिनॉलचंच कडं, फक्त त्याला १५ कार्बनची लांब शेपटी जोडलेली. आणि गंमत म्हणजे शेपटी कड्याला अशा ठिकाणी बसलेली असते की हात धरायच्या तिन्ही जागा मोकळ्याच राहतात. म्हणून कार्डनॉल फिनॉलच्या फेरात शिरू शकतं. झाडानं बी राखण्यासाठी बनवलेली वस्तू कारखान्याच्या कामाला इतकी नेमकी बसावी, याचं मला खरंच नवल वाटतं.

या शेपटीचे फायदे आहेत. ती तेलकट असल्यामुळे रेझिन पाण्याला दूर ठेवतं. ती लवचिक असल्यामुळे रेझिन ठिसूळ होत नाही, वाकतं, धक्का सोसतं. ब्रेक-लायनरमध्ये काजूच्या रेझिनची पूड घालतात ती याचसाठी. ब्रेक दाबताना होणारी उष्णता आणि थरथर ती सोसते, लायनर तडकत नाही, आवाजही कमी येतो. तुम्ही ज्या एसटीनं बाजाराला जाता तिच्या ब्रेकमध्ये कोणाच्या तरी हातानं फोडलेल्या काजूचा अंश असणं अगदी शक्य आहे.

याचा शोध नवा नाही. १९२० च्या दशकापासून अमेरिकेत मॉर्टिमर हार्वी या रसायनतज्ज्ञानं काजूच्या टरफल-तेलावर काम करून त्यापासून रेझिन बनवण्याची पेटंटं घेतली. त्याच कामातून पुढे कार्डोलाइट ही कंपनी उभी राहिली, आणि आज तिचा एक कारखाना आपल्या शेजारच्या कर्नाटकात, मंगळूरला आहे. आपल्या देशात या तेलासाठी मानकही ठरलेलं आहे, आयएस ८४०. म्हणजे हे काही प्रयोगशाळेतलं स्वप्न नाही, चालू बाजार आहे.

दुसरा मोठा उपयोग इपॉक्सी रंगांमध्ये. जहाजांना, पुलांना, कारखान्यांच्या जमिनींना जो दोन डब्यांचा रंग लावतात, त्यातल्या एका डब्यात रेझिन आणि दुसऱ्यात हार्डनर असतो. कार्डनॉलपासून बनवलेला हार्डनर थंडीत आणि ओलसर पृष्ठभागावरही नीट बसतो, खाऱ्या पाण्याला टिकतो. म्हणून जहाजांच्या कामात त्याला मागणी आहे. आपल्या आजोबांनी होडीला काजूचं तेल लावलं आणि आजच्या जहाजाला तेच वेगळ्या रूपात लावतात, बाकी काय!

पण हुरळून जाऊ नका

काजूचं तेल फिनॉलची जागा पूर्णपणे घेतं, असं कोणी सांगितलं तर थोडं थांबा. त्या शेपटीचा तोटाही आहे. ती मोठी असल्यामुळे हात धरायला वेळ लागतो, रेझिन हळू घट्ट होतं. पूर्ण कार्डनॉलचं रेझिन फिनॉलच्या मानानं मऊ पडतं. प्लायवूडच्या कारखान्यात दाबयंत्रात जितके मिनिट जास्त, तितका खर्च जास्त. म्हणून चिकटवायच्या कामात बहुतेक ठिकाणी फिनॉलचा काही हिस्सा काढून तेवढं कार्डनॉल घालतात, सगळं नाही. जिथे लवचिकपणा आणि पाण्याला टिकणं हेच हवं असतं, म्हणजे ब्रेक, रंग, लेप, तिथे मात्र काजू खरा उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट. काजूचं रेझिन झालं तरी जोडायला बहुधा फॉर्मल्डिहाइडच लागतं. ते खनिज वायूपासून बनतं, डोळ्यांना-नाकाला झोंबतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. तेव्हा ‘वनस्पतीपासून बनलेलं’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नाही. बिब्बाही वनस्पतीच आहे!

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या काही गटांतल्या मुलींनी रेझिन आर्टचं प्रशिक्षण घेतलं आहे. फुलं घातलेले ट्रे, किचेन, घड्याळं छान बनवतात. त्यातलं रेझिन इपॉक्सीचं, मुख्यतः पेट्रोलियमचं. बाजारात आता ‘बायो रेझिन’ लिहिलेल्या बाटल्याही येतात. त्या खोट्याच असतात असं नाही. इपॉक्सी बनवायला लागणारं एक रसायन ग्लिसरीनपासून, म्हणजे खाद्यतेल-साबणाच्या धंद्यात उरणाऱ्या पदार्थापासून बनवता येतं आणि थायलंडमध्ये तसं मोठ्या प्रमाणात बनवतातही. पण बाटलीत किती टक्के वनस्पतीचं आहे ते विचारा. तो आकडा तपासता येतो. झाडं हवेतून कार्बन घेतात, त्यात कार्बन-१४ नावाचा एक किंचित अंश असतो. तो हळूहळू निम्मा होत जातो, साधारण ५,७३० वर्षांत एकदा. खनिज तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यात तो उरलेलाच नसतो. प्रयोगशाळेत कार्बन-१४ मोजला की त्या बाटलीत झाडाचं किती आणि खनिजाचं किती, हे कळतं. ज्या कंपनीनं ही तपासणी केली असेल ती टक्केवारी छापते. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर त्याला किंमत देऊ नका. आणि बाटली कुठलीही असो, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून काम करा. काजूपासूनचा हार्डनर तपकिरी रंगाचा असतो, त्यामुळे पारदर्शक ट्रेसाठी तो चालतही नाही, हे सहज सांगून ठेवते.

बाकीच्या वनस्पतींचं थोडक्यात. एरंडेलापासून पॉलियुरेथेन बनतं, आणि एरंडीत भारत जगात पहिला आहे, त्यात गुजरात पुढे. सोयाबीनच्या पिठापासून प्लायवूडचा गोंद अमेरिकेत बनवतात. लाकडात आणि उसाच्या चिपाडात लिग्निन असतं, तेही फिनॉलच्या जागी वापरायचे प्रयत्न चालू आहेत. यात काजूचं वेगळेपण असं की त्याच्यासाठी वेगळी जमीन, वेगळं पीक लागत नाही. सोयाबीन रेझिनला गेलं तर खाण्यातून गेलं. काजूचं टरफल गर काढल्यावर उरणारच आहे.

आता आपला हिशेब

१०० किलो सुकी काजूबी घ्या. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींत गर शंभरात ३० च्या आसपास पडतो, गावठी बियांत त्याहून कमी. गराची लाल साल आणि वाळताना होणारी घट सोडली, तर टरफल साधारण ६५ किलो उरतं. म्हणजे काजूत वजनानं सगळ्यात जास्त काय असेल तर ते टरफल! टरफलात तेलाचं प्रमाण २० ते ३० टक्के. एक्सपेलरवर, म्हणजे यांत्रिक घाण्यावर, ते सगळं निघत नाही. १०० किलो टरफलामागे १८ ते २० किलो तेल धरा. म्हणजे १०० किलो बीमागे १२-१३ किलो तेल.

आपल्याकडे आणखी एक जमेची बाजू आहे. बी भाजायच्या पद्धतीवर टरफलात किती तेल राहतं ते ठरतं. ड्रममध्ये बी भाजली की तेल जळून जातं. गरम तेलाच्या कढईत बी बुडवली तर बरंचसं तेल तिथेच निघतं. आपल्याकडे बहुतेक छोट्या युनिटात कुकरमध्ये वाफवून, दिवसभर गार करून मग मशीनवर कापतात. वाफेत तेल फारसं जात नाही. म्हणून आपलं टरफल तेलानं भरलेलं असतं. खरेदी करणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. आपल्याला माहीत नसतं, तिथे भाव पडतो.

हेच टरफल आपण बॉयलरखाली, चुलीखाली घालतो. ते भडकून जळतं खरं, पण त्यातून निघणारा काळा, घशाला लागणारा धूर आठवा. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो, भिंती आणि भांडी काळी चिकट होतात. त्या धुरात तेलच उडून जात असतं. तेल काढल्यावर जी पेंड उरते, तीही चांगली जळते आणि धूर त्या मानानं बराच कमी करते. म्हणजे जळण जळणाला राहतं आणि तेल तेलाला. माझं मत विचाराल तर निव्वळ धुरासाठीसुद्धा कच्चं टरफल जाळणं बंद करायला हवं, भाव मिळो न मिळो.

मग पुढचा प्रश्न येतोच : “आपणच एक्सपेलर घालूया का? कर्ज मिळेल ना?” यावर मी स्पष्टच लिहिते. एका गटानं घालू नये. समजा एक गट हंगामात ५ टन बी फोडतो. त्याचं टरफल सव्वातीन टन, तेल ६०० किलोच्या आसपास. दोनशे लिटरचे फक्त तीन बॅरल. एका लहान एक्सपेलरलाही दिवसाला टनावारी माल लागतो. आपल्या गटाचं टरफल तो दोन-तीन दिवसांत संपवेल आणि मग वर्षभर मशीन पत्र्याखाली गंजत पडेल, हप्ते मात्र दर महिन्याला. दहा गट एकत्र आले तरी ३२-३३ टन. दोन-तीन आठवड्यांचं काम. वर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, थ्री-फेज वीज, गळणाऱ्या तेलाची व्यवस्था. कार्डनॉल वेगळं काढायचं तर निर्वात भांड्यात ऊर्ध्वपातन करावं लागतं, ते मोठ्या कारखान्याचंच काम. मशीन विकणारा माणूस हा हिशेब सांगत नाही. तो फक्त तेलाचा भाव सांगतो.

आपल्या हातात आहे ते म्हणजे टरफल नीट ठेवणं आणि एकत्र विकणं. एकटी बाई चार पोती घेऊन उभी राहिली तर टेम्पोवाला सांगेल तो भाव. प्रभागसंघाकडे ३० टन माल एका जागी आहे म्हटल्यावर तेल काढणारा स्वतः गाडी पाठवतो, कारण त्याचाही वाहतूक खर्च वाचतो. लांजा, राजापूर भागात काजू युनिटं बरीच आहेत, तिथे हे जमायला अवघड नाही. बोलणी करताना तीन प्रश्न विचाराच. भाव वजनावर आहे की तेलाच्या टक्क्यावर? तेलाचा टक्का कोण आणि कुठे तपासणार? वजन आपल्या काट्यावर की त्याच्या? टरफलाचा नमुना प्रयोगशाळेत देऊन तेलाचा टक्का काढून घेता येतो. तो कागद हातात असला की बोलण्याचा सूरच बदलतो.

ठेवायचं कसं, तर कापून झाल्यावर टरफल दोन-तीन उन्हं दाखवायची आणि मग पोत्यात भरायची. ओलं टरफल भरलं तर बुरशी येते, पोतं तापतं आणि पाण्याच्या वजनाचे पैसे कोणी देत नाही. त्यात गराची साल, माती, कचरा मिसळू नका. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचा, आणि मे संपायच्या आत माल उचलला जाईल असं बघा. एकदा पागोळ्या सुरू झाल्या की टरफल सुकत नाही. आणखी महत्त्वाचं, हे ढीग चुलीपासून, बॉयलरपासून, मीटरपेटीपासून लांब ठेवा. तेलानं भरलेलं टरफल पेटलं तर विझवताना नाकी नऊ येतात. खराब झालेलं टरफल पऱ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. हे तेल माशांना मारक आहे आणि प्यायच्या पाण्यात तर नकोच.

शेवटी हातांचं. टरफलाला भाव मिळणार म्हणून आपण जास्त बी फोडणार असू, तर हातांची काळजीही तेवढीच वाढायला हवी. पातळ रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घातले की घाम शोषला जातो आणि मोजे दिवसभर घालवतात. मोज्याला भोक पडलं तर तो लगेच टाका, कारण आत गेलेलं तेल कोंडून जास्त भाजतं. कातडीला तेल लागलं तर लगेच खोबरेल चोळून पुसून मग साबणानं धुवा, रॉकेल लावू नका. टाचांच्या भेगांना हे तेल लावायची पद्धत काही घरांत आहे, ती सोडा. भेग भरण्याऐवजी जखम व्हायची. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्यानं धुऊन सरळ दवाखाना गाठा. ज्यांना बिब्बा उततो किंवा आंब्याच्या चिकानं अंगावर उठतं, त्यांना काजूचं तेलही जास्त बाधण्याची शक्यता असते. अशा मैत्रिणीला गर सोलायचं, प्रतवारीचं, पॅकिंगचं काम द्या. मोज्यांचा खर्च गटाच्या खर्चात धरा, बाईच्या खिशातून नको. एका जोडीला जेवढे पैसे लागतात तेवढे टरफलाच्या विक्रीतून सहज निघतात.

प्रभागसंघाच्या पुढच्या सभेत टरफल एकत्र विकण्याचा विषय ठेवला आहे. येताना प्रत्येक गटानं एवढं लिहून आणा : गेल्या हंगामात किती किलो बी फोडली, टरफल किती निघालं, त्यातलं किती विकलं आणि किती जाळलं, कोणत्या भावानं आणि कोणाला विकलं. शिवाय एक किलो सुकं टरफल पिशवीत बांधून, पिशवीवर गटाचं नाव घालून आणा. नमुने एकत्र करून तेलाच्या तपासणीला पाठवू. ज्या गटाकडे नोंदी नसतील त्यांनी अंदाजाने न लिहिता या हंगामापासून वही सुरू करा. सीआरपी ताईकडे नोंदीचा नमुना दिलेला आहे.